अंडाशयाचा कर्करोग उलटल्यावर उपचारांची आखणी कशी करावी

आजार उलटल्याचे कळताच घरचे लोक नव्या औषधाचे नाव विचारतात. पण आखणीची सुरुवात जुन्या फाइलपासून करावी. कार्बोप्लॅटिन किंवा सिसप्लॅटिन या प्लॅटिनम गटातील केमो औषधांचा अखेरचा डोस कोणत्या तारखेला झाला, हे आधी शोधावे. त्यानंतर सहा महिन्यांहून अधिक काळ आजार शांत राहिला असेल, तर प्लॅटिनम पुन्हा लागू पडण्याची शक्यता चांगली असते. त्याआधीच उलटला असेल, तर ती बरीच घटते. ही सीमारेषा सोयीसाठी आखलेली आहे, त्यामुळे पाच आणि सात महिन्यांत फार मोठा फरक मानू नये. बायॉप्सीतील पेशींचा प्रकार, बीआरसीए या जनुकांची तपासणी आणि हातापायांत उरलेला बधिरपणा यांचीही नोंद सोबत असावी.

केवळ सीए-१२५ (या कर्करोगात रक्तात वाढणारे प्रथिन) वाढले म्हणून केमो सुरू करण्याची घाई करू नये. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, कोणतीही लक्षणे नसताना निव्वळ या आकड्यावरून लवकर केमो दिलेल्या स्त्रियांचे आयुष्य वाढले नाही. स्कॅन मात्र करून घ्यावा, कारण शस्त्रक्रियेचा निर्णय त्यावर अवलंबून असतो.

दुसऱ्या शस्त्रक्रियेबाबतचे पुरावे एकमुखी नाहीत. जीओजी-०२१३ या चाचणीत तिचा फायदा दिसला नाही. डेस्कटॉप-३ मध्ये मात्र मध्यम आयुर्मान ४६ महिन्यांवरून ५३.७ महिन्यांवर गेले. डेस्कटॉपमध्ये रुग्ण निकष लावून निवडले होते: प्रकृती उत्तम, पोटातील पाणी अर्ध्या लिटरहून अधिक नाही आणि पहिल्या शस्त्रक्रियेत सर्व गाठी निघालेल्या. तिथेही लाभ झाला तो सर्व दृश्य गाठी काढता आलेल्या स्त्रियांनाच. म्हणून 'सर्व गाठी निघतील का?' हा प्रश्न अशा शस्त्रक्रियांचा अनुभव असलेल्या सर्जनलाच विचारावा आणि निर्णय शक्यतो ट्यूमर बोर्डापुढे, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्रित बैठकीत, व्हावा.

प्लॅटिनम लागू पडण्यासारखे असेल, तर ते सहसा दुसऱ्या औषधासोबत देतात. बधिरपणा त्रासदायक असल्यास पॅक्लिटॅक्सेलऐवजी लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनचा पर्याय विचारावा; कॅलिप्सो चाचणीत ही जोडी आजार थोपवण्यात कमी पडली नाही आणि केसही कमी गळले. बीआरसीए दोष असून पूर्वी पार्प इन्हिबिटर (कर्करोगाच्या पेशींना डीएनए दुरुस्त करू न देणारे औषध) घेतलेले नसेल, तर केमोला प्रतिसाद मिळाल्यावर ओलापॅरिबसारखी गोळी पुढे चालू ठेवण्याला भक्कम आधार आहे. गाठींना नव्या रक्तवाहिन्या फुटू न देणाऱ्या बेव्हॅसिझुमॅबमुळे आजार काही महिने अधिक थांबतो, पण आतडी आजारात गुंतलेली असतील, तर त्यांना छिद्र पडण्याचा धोका आधी तपासावा.

प्लॅटिनम लागू पडत नसेल, तर साधारणतः एका वेळी एकच केमो औषध देतात. गाठीतील पेशींवर फोलेट रिसेप्टर अल्फा या प्रथिनाचे प्रमाण जास्त असल्यास, त्यालाच लक्ष्य करणाऱ्या मिरवेटुक्सिमॅब या औषधाचा विचार होतो. २०२३ च्या मिरासोल चाचणीत त्याने केमोच्या तुलनेत आयुष्य वाढवले, मात्र त्यासाठी डोळ्यांची नियमित तपासणी अनिवार्य आहे. वेदना आणि पोटातील पाणी यांसाठी पॅलिएटिव्ह केअरचे (त्रास कमी करणाऱ्या उपचारांचे) डॉक्टर या टप्प्यावर सुरुवातीपासूनच सोबत असावेत, उपचार संपल्यानंतर नव्हे. प्रत्येक औषधाबाबत 'आजार किती काळ थांबेल' आणि 'आयुष्य किती वाढेल' हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत, कारण अनेक महाग औषधांकडे पहिल्याचेच उत्तर असते.