सामायिक फाइल सिस्टिम कोसळल्यास क्लस्टरमधील बिघाड कसा शोधावा

क्लस्टरमधील, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरच्या (नोडच्या) गटातील, सामायिक फाइल सिस्टिम बंद पडल्याची तक्रार येते तेव्हा बहुधा दोन वेगळ्या घटनांपैकी एक घडलेली असते. पहिलीत कर्नलला मेटाडेटामध्ये (फाइलींची रचना व जागा नोंदवणाऱ्या माहितीत) विसंगती किंवा डिस्कवर लिहिण्यात अडथळा आढळतो आणि तो त्या नोडवरील फाइल सिस्टिम स्वतःहून मागे घेतो, म्हणजे तिचा वापर तेथे थांबवतो. दुसरीत फाइल सिस्टिम शाबूत असते, पण लॉकची व्यवस्था (दोन नोडनी एकाच वेळी एकच गोष्ट बदलू नये यासाठीची) कशाची तरी वाट पाहत थांबलेली असल्यामुळे वाचणे-लिहिणे पुढे सरकत नाही. दोन्ही वेळी अनुप्रयोग बंद पडतात आणि दोन्ही वेळी घाई होते. परंतु दोन्हींचे उपाय परस्परविरोधी असल्यामुळे आपल्यासमोर नेमके कोणते प्रकरण आहे हे ठरेपर्यंत कोणतीही दुरुस्तीची आज्ञा चालवू नये. थांबलेल्या फाइल सिस्टिमला कोसळलेली समजून केलेल्या दुरुस्तीनेच डेटा गमावला जाण्याचा मोठा धोका असतो.

पुढील विवेचन जीएफएस२ या फाइल सिस्टिमला धरून केले आहे. ती २००६ साली लिनक्स कर्नलच्या २.६.१९ आवृत्तीत दाखल झाली आणि सहसा पेसमेकर (क्लस्टरमधील सेवा सांभाळणारा), कोरोसिंक (नोडमधील संवाद व सदस्यत्व पाहणारे) व डीएलएम (लॉकचे वाटप करणारे) यांच्यासोबत चालवली जाते. ओसीएफएस२ या दुसऱ्या सामायिक फाइल सिस्टिमची रचना काही बाबतीत वेगळी आहे, पण तपासाचा क्रम तिलाही लागू पडतो.

दोन प्रकरणांतील फरक ओळखणे

प्रत्येक नोडवर सामायिक डिरेक्टरीची साधी यादी मागवावी. मात्र ती आज्ञा अडकून पडू शकते, म्हणून तिला 'टाइमआउट'ची मर्यादा घालून वेगळ्या टर्मिनलमध्ये चालवावी. अशी अडकलेली प्रक्रिया मर्यादा संपल्यावरही मरेलच असे नाही, त्यामुळे मुख्य टर्मिनल मोकळे ठेवणे श्रेयस्कर. तत्काळ इनपुट-आउटपुट त्रुटी आली, तर त्या नोडवर फाइल सिस्टिम मागे घेतली गेली असण्याची शक्यता दाट आहे. कर्नलच्या लॉगमध्ये 'फेटल' आणि 'विथड्रॉन' हे शब्द असलेल्या ओळी सापडल्या की खात्री पटते. उत्तर न येता आज्ञा नुसतीच थांबून राहिली, 'पीएस'च्या यादीत प्रक्रिया 'डी' अवस्थेत (मध्येच थांबवता न येणाऱ्या प्रतीक्षेत) दिसू लागल्या आणि कर्नलने १२० सेकंदांपेक्षा अधिक काळ अडकलेल्या प्रक्रियांची नोंद केली, तर प्रकरण लॉकचे किंवा स्टोरेजच्या मार्गाचे आहे. एखादा नोड संपूर्णच पुन्हा सुरू झाला असेल, तर तिसरी शक्यता उरते. तिचा विचार पुढे केला आहे.

यानंतर सर्व नोडवरील लॉग गोळा करावेत. 'सर्व' हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा, कारण जो नोड तक्रार करतो तो बहुधा परिणाम भोगणारा असतो आणि मूळ कारण दुसऱ्याच नोडवर असते. 'जर्नलसीटीएल'मधील कर्नलच्या नोंदी, कोरोसिंकचा लॉग आणि पेसमेकरचा लॉग एकत्र करून त्यांची वेळेनुसार मांडणी करावी. नोडची घड्याळे एकमेकांशी जुळलेली नसतील तर ही मांडणी फसवी ठरते, म्हणून घड्याळे जुळवणाऱ्या क्रोनीची स्थिती आधी पाहून घ्यावी. या मांडणीतील सर्वांत पहिली विपरीत नोंद शोधायची असते. सर्वांत ठळक किंवा सर्वांत अधिक वेळा आलेली नोंद पुष्कळदा केवळ परिणाम असते. मल्टिपाथने (डिस्ककडे जाणारे अनेक मार्ग सांभाळणाऱ्या यंत्रणेने) मार्ग तुटल्याचे कळवले, मग लिहिण्यात त्रुटी आली आणि त्यानंतर फाइल सिस्टिम मागे घेतली गेली, असा क्रम असेल तर दोष स्टोरेजकडे आहे. कोरोसिंकने टोकन (नोडमध्ये फिरत राहणारा हजेरीचा संदेश) हरवल्याचे कळवले, मग एक नोड फेन्स झाला (सक्तीने बंद केला गेला) आणि उरलेल्यांनी त्याचे जर्नल (बदलांची नोंदवही) पुन्हा चालवले, असा क्रम असेल तर शोध नेटवर्कपासून सुरू करावा लागतो.

फाइल सिस्टिम थांबलेली असल्यास

'डीएलएम_टूल एलएस' ही आज्ञा सर्वप्रथम चालवावी. तिच्या उत्तरात प्रत्येक लॉकस्पेसची (एका फाइल सिस्टिमच्या लॉकच्या गटाची) अवस्था दिसते आणि तेथे फेन्सिंगची वाट पाहत असल्याची नोंद असेल, तर प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळालेच. एखादा नोड प्रतिसाद देईनासा झाला की तो खरोखर बंद पडला आहे की डिस्कवर अजूनही लिहितो आहे, हे उरलेल्या नोडना कळू शकत नाही. त्यामुळे त्याला सक्तीने बंद केल्याची खात्री होईपर्यंत डीएलएम त्या लॉकस्पेसमधील कामकाज रोखून धरते. हे थांबणे डेटाच्या रक्षणासाठी असते. म्हणून शोध फेन्सिंग का झाले नाही याचा घ्यावा. 'पीसीएस स्टोनिथ हिस्टरी'मध्ये ('स्टोनिथ' हे फेन्सिंगचेच पेसमेकरमधील नाव) अयशस्वी प्रयत्न दिसतात. सर्व्हर दुरून बंद-चालू करणाऱ्या व्यवस्थापन कार्डाचा बदललेला पासवर्ड, त्या कार्डापर्यंत न पोहोचणारे नेटवर्क, किंवा सर्व्हरची वीज गेल्यावर त्याच्याच विजेवर चालणारे कार्डही मृत होणे, ही नेहमीची कारणे आहेत.

येथे एका आज्ञेबद्दल निक्षून सांगणे आवश्यक आहे. 'पीसीएस स्टोनिथ कन्फर्म' ही आज्ञा नोड बंद करत नाही. तो बंद आहे असे मानवी वचन ती क्लस्टरला देते. ते वचन खोटे निघाले, तर दोन नोड एकमेकांना न विचारता एकाच मेटाडेटावर लिहू लागतात आणि तो नाश कोणत्याही साधनाने पूर्णपणे भरून येत नाही. सर्व्हरची वीज प्रत्यक्ष काढली आहे, किंवा स्टोरेजच्या बाजूने त्याचा प्रवेश तोडला आहे, हे स्वतः पाहिल्याखेरीज ही आज्ञा कोणाच्याही दबावाखाली देऊ नये.

फेन्सिंग व्यवस्थित असूनही कामकाज थांबलेले असेल, तर 'कोरोसिंक-कोरमटूल'ने बहुमत आहे का ते पाहावे. बहुमतासाठी एकूण मतांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. पाच नोडच्या क्लस्टरमध्ये तीन मते हवीत. जीएफएस२साठी बहुमत गमावल्यावरचे धोरण 'फ्रीझ' असावे. मूळ धोरण 'स्टॉप' असते. त्यानुसार पेसमेकर फाइल सिस्टिम उतरवू (अनमाउंट करू) पाहतो, पण बहुमताविना ते उतरवणेच शक्य नसल्यामुळे प्रकरण चिघळते.

आणखी एक कारण नव्याने जोडलेल्या किंवा अद्ययावत केलेल्या नोडवर दिसते. कोरोसिंक यूडीपीच्या ५४०५ पोर्टवरून बोलते, तर डीएलएम टीसीपीच्या २१०६४ पोर्टवरून. फायरवॉलने दुसरा पोर्ट अडवला असेल, तर सर्व सदस्य हजर दिसतात, बहुमतही असते, तरीही माउंट करण्याची (फाइल सिस्टिम नोडला जोडण्याची) क्रिया अडकून राहते.

आता उरते ते सर्वांत चिवट प्रकरण: सर्व नोड हजर आहेत, लॉकस्पेस स्वस्थ आहे, तरीही काही डिरेक्टरींवरील काम अडलेले आहे. अशा वेळी '/सिस/कर्नल/डीबग/जीएफएस२' खालील 'जीलॉक्स' ही फाइल प्रत्येक नोडवर शक्य तितक्या एकाच वेळी नकलून घ्यावी आणि थोड्या अंतराने पुन्हा एकदा नकलून घ्यावी. तिच्यात 'जी' ने सुरू होणारी ओळ लॉकची असते आणि तिच्याखालील 'एच' ने सुरू होणाऱ्या ओळी तो धरणाऱ्यांच्या किंवा मागणाऱ्यांच्या असतात. ज्या ओळीच्या खुणांमध्ये 'डब्ल्यू' आहे ती प्रक्रिया वाट पाहते आहे. तिच्या लॉकचा क्रमांक घेऊन तोच क्रमांक इतर नोडवरील नकलांमध्ये शोधावा, लॉक धरून बसलेल्या प्रक्रियेचा क्रमांक मिळवावा आणि 'प्रॉक'मधील तिचा 'स्टॅक' वाचावा. लॉकचा प्रकार २ असेल तर तो इनोडचा (एका फाइलीच्या किंवा डिरेक्टरीच्या नोंदीचा) लॉक असतो. त्याचा षोडशमान क्रमांक दशमान करून 'फाइंड'ला दिला की ती फाइल किंवा डिरेक्टरी कोणती, हेही कळते, मात्र हा शोध फाइल सिस्टिम पुन्हा हालती झाल्यावरच घ्यावा. दोन्ही नकलांमध्ये तीच प्रक्रिया तोच लॉक धरून बसलेली असेल, तर ती खरोखर अडकली आहे. धरणारे बदलत असतील, तर फाइल सिस्टिम अडकलेली नाही. एकाच डिरेक्टरीसाठी अनेक नोड झगडत असल्यामुळे ती मंदावली आहे. या दुसऱ्या स्थितीत नोड पुन्हा सुरू करून काहीही साधत नाही. प्रत्येक नोडला लिहिण्यासाठी स्वतंत्र डिरेक्टरी देणे, 'नोएटाइम'सह माउंट करणे आणि 'अपडेटडीबी'सारख्या सर्व फाइली चाळणाऱ्या कामांतून ही फाइल सिस्टिम वगळणे, हेच उपाय टिकतात.

फाइल सिस्टिम मागे घेतली गेली असल्यास

लॉगमधील कारण आधी नीट वाचावे. कारण इनपुट-आउटपुट त्रुटीचे असेल, तर फाइल सिस्टिम निर्दोष असू शकते. 'मल्टिपाथ' आज्ञेने मार्गांची स्थिती, स्विच आणि स्टोरेजचे नियंत्रक तपासावेत आणि तो दोष दूर होईपर्यंत दुरुस्तीला हात लावू नये. वाचन-लेखन बेभरवशाचे असताना चालवलेली दुरुस्ती चुकीच्या वाचनावर विसंबून योग्य मेटाडेटा बदलू शकते. स्टोरेज पूर्ववत झाल्यावर त्या नोडवर फाइल सिस्टिम उतरवावी; उतरत नसेल, तर नोड 'स्टँडबाय'मध्ये टाकून पुन्हा सुरू करावा. नंतर माउंट केल्यावर जर्नल पुन्हा चालते आणि पुष्कळदा तेवढ्यावरच भागते.

कारण सुसंगतीच्या त्रुटीचे असेल, तर मात्र संपूर्ण तपासणी टाळता येत नाही. ती 'एफएससीके.जीएफएस२'ने केली जाते आणि तिची अट एकच पण कठोर आहे: त्या काळात फाइल सिस्टिम क्लस्टरमधील एकाही नोडवर माउंट केलेली नसावी. हे साधन दुसऱ्या नोडच्या लॉकचा विचार करत नाही, त्यामुळे एका विसरलेल्या माउंटमुळेही भरून न येणारी हानी होते. प्रथम 'पीसीएस रिसोर्स डिसेबल'ने फाइल सिस्टिमचा रिसोर्स बंद करावा, डीएलएम व एलव्हीएमलॉकडी (लॉजिकल व्हॉल्यूमचे, म्हणजे फाइल सिस्टिमखालील आभासी डिस्कचे, लॉक सांभाळणारी सेवा) चालू ठेवावेत, आणि प्रत्येक नोडवर '/प्रॉक/माउंट्स' प्रत्यक्ष वाचून खात्री करावी. त्यानंतर लॉजिकल व्हॉल्यूम सर्व नोडवर निष्क्रिय करून केवळ एका नोडवर 'एक्सक्लुझिव्ह' पद्धतीने सक्रिय करावा. तो अन्यत्र सक्रिय राहिला असेल तर एलव्हीएम नकार देते, आणि हा नकार म्हणजे मिळालेली मौल्यवान सूचना समजावी.

बदल करण्यापूर्वी परतीची वाट राखून ठेवावी. स्टोरेजवर स्नॅपशॉट घेता येत असेल तर तो घ्यावा. शिवाय 'जीएफएस२_एडिट सेव्हमेटा'ने मेटाडेटाची प्रत वेगळ्या डिस्कवर साठवावी. या प्रतीत वापरकर्त्यांच्या फाइलींमधील मजकूर नसतो, त्यामुळे तिला बॅकअप समजू नये. परंतु नंतर दोषाचे विश्लेषण करायचे झाल्यास तिच्याखेरीज आधार राहत नाही. मग 'एफएससीके' आधी 'उणे एन' या पर्यायाने चालवावे, म्हणजे ते काहीही न बदलता केवळ दोष सांगेल. ती यादी वाचून, काय बदलले जाणार आहे ते समजून घेतल्यावरच 'उणे वाय' वापरावे. मोठ्या फाइल सिस्टिमवर ही क्रिया बराच वेळ आणि पुष्कळ मेमरी घेते. ती मध्येच तोडू नये, आणि दूरस्थ टर्मिनल तुटले तरी ती चालू राहील अशी सोय करूनच सुरू करावी. परत मिळणारा संकेतांक ० असेल तर दोष नव्हता, १ असेल तर दोष दुरुस्त झाले, ४ असेल तर काही दोष उरले आहेत. एकदा दुरुस्ती झाल्यावर ती पुन्हा चालवावी आणि ० मिळेपर्यंत माउंट करू नये. ज्यांच्या डिरेक्टरीतील नोंदी हरवल्या त्या फाइली 'लॉस्ट+फाउंड'मध्ये जमा होतात. त्या कोणत्या अनुप्रयोगाच्या आहेत हे संबंधितांना विचारूनच ठरवावे.

नोड अचानक पुन्हा सुरू झाला असल्यास

पॅनिकनंतर (कर्नल कोसळल्यावर) केडम्प हे साधन मेमरीची प्रत लिहीत असतानाच उरलेले नोड त्या नोडला फेन्स करतात आणि पुरावा अर्धवट राहतो. यासाठी 'फेन्स_केडम्प' हा एजंट फेन्सिंगच्या पहिल्या पातळीवर ठेवावा. तो यूडीपीच्या ७४१० पोर्टवरील संदेशावरून नोड प्रत लिहीत असल्याचे ओळखतो. पॅनिक झालाच नसेल, तर टोकन हरवण्याचे कारण शोधावे. कोरोसिंकची मुख्य प्रक्रिया वेळेवर चालवली गेली नाही अशी नोंद त्याच्या लॉगमध्ये असेल, तर नेटवर्कला दोष देण्याआधी आभासी यंत्राचा स्नॅपशॉट किंवा स्थलांतर त्या क्षणी चालू होते का ते पाहावे. कोरोसिंकच्या ३.१ आवृत्तीपासून टोकनची मूळ मुदत ३००० मिलिसेकंद आहे आणि त्याआधी ती १००० होती. ती थोडी वाढवणे योग्य ठरू शकते, परंतु ती जितकी वाढेल तितका काळ खऱ्या बिघाडाच्या वेळीही सारे नोड थांबून राहतील. ओसीएफएस२मध्ये डिस्कवरील हार्टबीटची (नोड जिवंत असल्याच्या ठरावीक नोंदीची) मूळ मर्यादा ३१ असते, म्हणजे सुमारे ६० सेकंद. तेवढ्या काळात डिस्कवर लिहिता आले नाही तर नोड स्वतःलाच बंद करतो, म्हणून तेथे मल्टिपाथला मार्ग बदलण्यास लागणारा वेळ या मर्यादेच्या आत बसतो का हे तपासावे.

पुन्हा सुरुवात करताना

प्रथम एकाच नोडवर फाइल सिस्टिम माउंट करावी, वाचून-लिहून पाहावे आणि काही काळ कर्नलचा लॉग शांत आहे याची खात्री झाल्यावर इतर नोड एकेक करून जोडावेत. प्रत्येक नोडला स्वतंत्र जर्नल लागते. नोडांची संख्या वाढली असेल तर 'जीएफएस२_जॅड'ने जर्नल वाढवावीत. फाइल सिस्टिमच्या रिसोर्सची देखरेख अयशस्वी झाल्यास 'फेन्स' व्हावे अशी रचना ठेवावी आणि तपासणीची पातळी २० करावी, कारण केवळ माउंट आहे की नाही एवढेच पाहणाऱ्या तपासणीला मागे घेतलेली फाइल सिस्टिम निरोगी वाटू शकते. शेवटी, देखभालीसाठी राखलेल्या वेळेत 'पीसीएस स्टोनिथ फेन्स'ने प्रत्येक नोड आळीपाळीने बंद करून पाहावा आणि त्या वेळी दुसऱ्या नोडवर 'डीएलएम_टूल एलएस'मधील फेन्सिंगची प्रतीक्षा किती सेकंदांत संपते याची नोंद करून ठेवावी.