फायनल फँटसी ६ : अनुभवगुणांची चौपट जरा थांबवा

‘फायनल फँटसी’ या व्हिडिओ गेमच्या जुन्या भागांना नवं रूप देणाऱ्या पिक्सेल रिमास्टर मालिकेची स्विच आणि पीएस४ या गेमयंत्रांसाठीची आवृत्ती २०२३ साली आली, तेव्हा तिच्यात ‘बूस्ट’ची सोय मिळाली: अनुभवगुण (लढाया जिंकून मिळणारे, पात्राची पातळी वाढवणारे गुण), पैसे वगैरे शून्यापासून चौपटीपर्यंत हवे तसे ठेवता येतात. वेळ कमी असलेला माणूस साहजिकच सगळं चौपट करून मोकळा होतो. सहाव्या भागात मात्र ही घाई महागात पडते.

कारण असं: इथे पातळी वाढली की एचपी-एमपी (जीवनशक्ती आणि जादू वापरण्याची शक्ती) वाढतात, पण ताकद, जादू, वेग हे आकडे आपोआप हलत नाहीत. ते वाढतात फक्त पातळी चढताना अंगावर असलेल्या एस्परमुळे (एस्पर म्हणजे पात्राला जोडता येणारे, मंत्र शिकवणारे जादुई जीव), आणि तेही त्या एस्परला तसा बोनस असेल तरच. पहिले एस्पर मिळतात झोझो गावात. त्याआधी भराभर चढलेली प्रत्येक पातळी त्या दृष्टीने वायाच.

म्हणून झोझोपर्यंत अनुभवगुण एकपटच राहू द्या. पुढे एस्पर हाती आले की जादू शिकण्याचे गुण खुशाल चौपट करा; मंत्र शिकवण्यासाठी तासन्‌तास त्याच त्या लढाया मारण्यात काही मजा नाही. पैशांचंही तसंच, वाढवा बिनधास्त.

वाटेतल्या लढाया पूर्ण बंद करायची सोयही आहे. ही सोय वाट चुकल्यावर, गुहेत तीच पेटी शोधत फिरताना वापरा. कायम बंद ठेवलीत तर पातळी न वाढल्यामुळे पुढचा बॉस (मोठा शत्रू) तुम्हाला दोन फटक्यांत झोपवेल.

जाता जाता: सेटिंग्जमध्ये जुनं संगीत आणि पिक्सेल फॉन्ट निवडून बघा. १९९४च्या मूळ गेमचा तो खरखरीत आवाज मला अजून जास्त आवडतो.