चिंतेची उलटतपासणी: मनातल्या विचाराला प्रश्न कसे विचारायचे

चिंतेत पडलेलं मन आधीच प्रश्नांनी भरलेलं असतं. 'नोकरी गेली तर?', 'रिपोर्ट वाईट आला तर?', 'पोरगी फोन का उचलत नाही?' पण यातला एकही प्रश्न उत्तर मिळावं म्हणून विचारलेला नसतो. एकाचं उत्तर शोधेपर्यंत दुसरा हजर होतो. त्यामुळे सुरुवात नवे प्रश्न विचारण्यापासून करायची नाही. आधी मनातल्या 'तर?'चं सरळ विधान करायचं. 'नोकरी गेली तर?' याला खरं-खोटं करता येत नाही. 'सोमवारी मला काढून टाकणार' हे तपासता येतं.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आणि मानसोपचारतज्ज्ञ एरन बेक यांनी १९६० च्या दशकात या तपासणीला उपचाराचं रूप दिलं. एलिस यांची पद्धत मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखली जाते. खालची रीत या दोघांच्या पद्धतींतून घेतली आहे.

वही-पेन घ्या आणि पंधरा-वीस मिनिटं काढा. हे काम मनातल्या मनात होत नाही, कारण चिंता दर मिनिटाला मुद्दा बदलते आणि कागदावरचं वाक्य जागचं हलत नाही. अंथरुणात पडल्या पडल्या करू नका. छाती धडधडत असेल तर आधी पाच मिनिटं चार अंक मोजत श्वास आत आणि सहा अंक मोजत बाहेर. मग वही उघडा. भीती टोकाला असताना कोणताच युक्तिवाद पटत नाही.

उदाहरण घेऊ. शुक्रवारी संध्याकाळी साहेबांचा मेसेज आला: 'सोमवारी सकाळी केबिनमध्ये या, बोलायचंय.' वहीत आधी घटना लिहा, आणि ती कॅमेऱ्यात दिसेल तेवढीच. 'साहेबांनी रागाने बोलावलं' ही घटना नाही, तो अर्थ आहे. त्याखाली विचार: 'सोमवारी मला काढून टाकणार.' यावर आत्ता किती विश्वास आहे, शंभरपैकी? समजा ८५. चिंता किती? ९०. हे आकडे टाळू नका. शेवटी फरक पडला की नाही हे त्यांच्यावरूनच कळतं.

आता पहिला प्रश्न: कशावरून? आधी विचाराच्या बाजूचा पुरावा लिहा, प्रामाणिकपणे. गेल्या महिन्यात काम उशिरा दिलं, शेजारच्या विभागात दोघांना कमी केलं. ही बाजू गाळली तर मन नंतर म्हणतं, 'तू सोयीचंच लिहिलंस.' मग विरुद्ध बाजू: याआधी असं बोलावलं तेव्हा काय निघालं होतं? पुढच्या तिमाहीचं काम कोणाकडे दिलंय? 'मला तसं आतून वाटतंय' हा पुरावा धरायचा नाही.

दुसरा प्रश्न: याचं आणखी काय कारण असू शकतं? किमान चार कारणं काढा. नवं काम, कोणाची रजा, ऑडिट, उशिराबद्दल बोलणी. प्रत्येकाला टक्के द्या, बेरीज १००. भीतीचं कारण सगळ्यात शेवटी ठेवा आणि उरलेले टक्केच त्याला द्या. आधी ठेवलंत तर ते ८५ घेऊन बसतं आणि बाकीच्यांना उरलेसुरले मिळतात.

तिसरा प्रश्न लोक टाळतात, पण खरी गंमत तिथेच आहे: समजा तसं झालंच, तर पुढे काय? चिंतेच्या गोष्टीत सोमवार येतो, मंगळवार कधीच येत नाही. तो लिहा. हातात किती महिन्यांचा खर्च आहे, नोटीसचा काळ किती, पहिले तीन फोन कोणाला, घरी कोणत्या शब्दांत सांगायचं. नुसतं 'बघू काहीतरी' लिहिलं तर उपयोग शून्य.

चौथा प्रश्न एलिस यांच्या वळणाचा. विचारामागे एखादी अट दडली आहे का? 'माझी नोकरी जाताच कामा नये. गेली तर मी नालायक.' असा नियम कुठे आहे? एक नोकरी गेल्याने सगळा माणूस नालायक कसा ठरतो? आणि असं मानून फायदा काय होतोय? अटीच्या जागी इच्छा लिहा: 'नोकरी टिकावी असं मला फार वाटतं. गेली तर जड जाईल, पण निभावता येईल.'

शेवटी आकडे पुन्हा टाका. ८५ चे ४० झाले तर काम झालं. शून्य हे ध्येय नाही. आकडा जागचा हलला नाही, तर बहुधा भलताच विचार पकडलाय. मग विचारा, 'तसं झालं तर त्यात माझ्यासाठी सगळ्यात वाईट काय?' आणि उत्तराला पुन्हा तेच, तीन-चार वेळा. 'नोकरी जाईल', 'गावाकडे काय सांगू', 'सगळे मला हरलेला समजतील.' तपासायचं असतं ते हे खालचं वाक्य. सोमवारी भेट झाल्यावर प्रत्यक्षात काय घडलं तेही त्याच पानावर लिहा. अशी पाच-सहा पानं जमली की आपले अंदाज कोणत्या बाजूला चुकतात ते दिसू लागतं.

बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. 'मी असा का आहे?' हा तपासणीचा प्रश्न नाही, तो स्वतःला कोसण्याचा प्रकार आहे. 'सगळं छानच होणार' हे उत्तरही चालत नाही. मनाला ते खोटं वाटतं आणि दहा मिनिटांत चिंता परत येते. एका बैठकीत एकच विचार घ्या. तीच तपासणी दिवसातून दहादा, अगदी खात्री पटेपर्यंत करू लागलात तर थांबा. मंत्रचळ (ओसीडी, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा होत राहण्याचा आजार) असलेल्यांच्या बाबतीत ही वहीच नवा चाळा होऊन बसते. त्यांनी हे तज्ज्ञाबरोबरच करावं. आणि चिंता खरी असेल, म्हणजे गाठ हाताला लागतेय, हप्ता थकलाय, तर प्रश्न विचारत बसू नका. डॉक्टरकडे जा, बँकेत जा.

छातीत दुखणं किंवा धडधड पहिल्यांदाच होत असेल तर आधी शरीराची तपासणी. दोन-तीन आठवडे झोप, जेवण किंवा काम बिघडलेलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. जगणं नकोसं वाटत असेल तर वही बाजूला ठेवून लगेच जवळच्या माणसाला सांगा किंवा १४४१६ वर फोन करा. केंद्र सरकारची ही टेलि-मानस सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.