प्रोसेसर दाबायचा नसतो, ठेवायचा असतो

माझ्याकडे कॉम्प्युटर जोडायला शिकायला कुणी आलं, की मी आधी एक बाद मदरबोर्ड पुढ्यात ठेवतो आणि सॉकेटवर, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या चौकोनी जागेवर, तिरका टॉर्च मारायला सांगतो. शेकडो पिना एकसारख्या चमकतात. एखादी वाकलेली असेल, तर तिची चमक लगेच वेगळी दिसते. नवीन बोर्डावरसुद्धा मी हे करतोच.

खरेदीआधी सॉकेटचं नाव जुळवा. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरना एलजीए १७०० हे सॉकेट लागतं. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या प्रकारात १३३१ पिना प्रोसेसरला असतात. २०२२ साली आलेल्या एएम५ मध्ये १७१८ पिना सॉकेटात गेल्या. नुसतं नाव जुळूनही भागत नाही. एलजीए ११५१ च्या २०० सिरीज बोर्डात त्याच सॉकेटचा इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर अगदी नीट बसतो, पण चालत नाही. म्हणून बोर्डाच्या कंपनीची यादी बघा. बायोसच्या (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) कोणत्या आवृत्तीपासून कोणता प्रोसेसर चालेल, ते तिथे दिलेलं असतं.

आता बसवणं. आधी पिना सॉकेटात असलेला प्रकार. लिव्हर खाली दाबून बाजूला सरकवा, वर उचला, चौकट उघडा. वरचं काळं प्लास्टिकचं झाकण राहू द्या, चौकट बंद होताना ते आपोआप उडून निघतं. (ते फेकू नका. बोर्ड वॉरंटीत द्यायची वेळ आली, तर लागतं.) प्रोसेसर फक्त कडांना धरा. कोपऱ्यातला छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी आणि कडेच्या खाचा सॉकेटच्या दातांशी जुळवून तो सरळ खाली ठेवा. सरकवू नका, वरून बोट दाबू नका. एएम४ मध्ये लिव्हर सरळ उभा केला, की प्रोसेसर स्वतःच्या वजनानं आत उतरतो. नाही उतरला, तर दिशा चुकली आहे किंवा पिन वाकली आहे. उचला आणि पुन्हा बघा.

इंटेलचा लिव्हर बंद करताना मात्र चांगलाच जोर लागतो, कुरकुर आवाजही येतो. प्रोसेसर नीट बसलेला असेल, तर घाबरू नका.

एकदा माझ्या बाहीचा धागा सॉकेटात अडकला आणि एक पिन किंचित वाकली. कॉम्प्युटर सुरू झाला, पण दोनपैकी एकच रॅम दिसत होती. रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरमध्येच असतो, हे ठाऊक असूनही मी अख्खी संध्याकाळ रॅम बदलत बसलो. तेव्हापासून बाह्या दुमडल्याशिवाय मी सॉकेट उघडत नाही.

एएम४ चा कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा वरचा पंखा) काढताना सरळ ओढू नका. दोघांमध्ये उष्णता वाहून न्यायला लावलेल्या, पण वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर बंद सॉकेटातून उपटून येतो. आधी कॉम्प्युटर थोडा वेळ चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग बंद करा, प्लग काढा आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा.

जोडणी झाली की विंडोज टाकायच्या आधी बायोस उघडा. प्रोसेसरचं नाव बरोबर आहे का आणि रॅम पूर्ण दिसते का, ते बघा. रॅम कमी दिसली, तर पुन्हा टॉर्च घ्या.