गूगल अर्थमध्ये थ्रीडी मॉडेल दिसत नाही? आधी जमिनीखाली बघा

मॉडेल दिसत नाही म्हटलं की तीन सल्ले हमखास मिळतात: सॉफ्टवेअर काढून परत टाका, ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा, कॅश साफ करा. तिन्ही करून माझे कित्येक तास वाया गेलेत. ड्रायव्हर बिघडला असेल तर एकटं मॉडेल नाही, अख्खी पृथ्वीच फाटकी दिसते. डोंगर, रस्ते, नावं सगळं नीट दिसतंय आणि फक्त तुमची इमारत गायब आहे, तर ती कुठेतरी आहे. फक्त तुम्ही बघताय तिथे नाही.

मी बोलतोय ते डेस्कटॉपवरच्या गूगल अर्थ प्रोबद्दल, आणि कोलाडा (थ्रीडी मॉडेलचा एक फाइल-प्रकार) मॉडेल असलेल्या केएमझेड फाइलबद्दल, म्हणजे गूगल अर्थमध्ये उघडणाऱ्या गठ्ठा-फाइलबद्दल.

डाव्या यादीत मॉडेलच्या नावापुढे टिक आहे ना? नावावर डबल क्लिक करा. कॅमेरा भलत्याच देशात गेला तर अक्षांश-रेखांश उलटे पडलेत. ते बदला आणि पुढे जा. कॅमेरा बरोबर जागी येतो पण तिथे नुसतं शेत दिसतं, तर खरं दुखणं सुरू.

उंचीचा घोळ

लेअर्सच्या यादीत तळाशी 'टेरेन' आहे, त्याची टिक काढा. जमीन सपाट होऊन समुद्रसपाटीला येते. मॉडेलची उंची 'अ‍ॅब्सोल्यूट' (म्हणजे जमिनीपासून नाही, समुद्रसपाटीपासून मोजलेली) दिलेली असेल आणि ते जमिनीत गाडलं गेलं असेल, तर ते आता हवेत लटकलेलं दिसेल. ही चाचणी पाच सेकंदांची आहे. मला ती कुणी सांगितली नव्हती, म्हणून दोन रात्री गेल्या.

पुणे जिल्ह्यातल्या एका गढीचं ड्रोनने केलेलं मॉडेल होतं. संगणकावर सुंदर दिसायचं, बुरुजावरचं गवतसुद्धा. गूगल अर्थमध्ये टाकलं की काहीच नाही. टेरेन बंद केल्यावर गढी आकाशात उभी! म्हणजे मॉडेल शाबूत होतं, फक्त जमिनीच्या साठेक मीटर खाली.

कारण असं. पुणे स्टेशनच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची 560 मीटरच्या आसपास लिहिलेली आहे. त्याच फलाटावर उपग्रहावरून मोजलेली कच्ची उंची घेतली तर आकडा 500 च्याही खाली येतो. उपग्रहाची मोजणी एलिप्सॉइड नावाच्या गुळगुळीत, गणिती पृथ्वीपासून होते. पाटीवरची उंची समुद्रसपाटीपासून, म्हणजे जिऑइडपासून. आपल्याकडे ही समुद्रसपाटी त्या गणिती पृष्ठभागाच्या बरीच खाली आहे. पश्चिम महाराष्ट्रात 60 ते 70 मीटर, आणि श्रीलंकेच्या दक्षिणेला तर 100 मीटरहून जास्त; जगातला सगळ्यात खोल खळगा तिथेच आहे. गूगल अर्थ उंची समुद्रसपाटीपासून मानतं. ड्रोनवाल्याने एलिप्सॉइडची उंची दिली की मॉडेल तेवढंच खाली जातं. सीझियम नावाच्या, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या थ्रीडी पृथ्वीत नेमकं उलटं: ते एलिप्सॉइड धरतं, त्यामुळे समुद्रसपाटीची उंची दिली की इमारत पतंगासारखी वर.

म्हणून सर्व्हेवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा: उंची एमएसएल (समुद्रसपाटीपासूनची) आहे की एलिप्सॉइडल? 'जीपीएसची आहे' हे उत्तर चालवून घेऊ नका.

मग त्या ठिकाणचा जिऑइडचा फरक काढा. जिओग्राफिकलिब या सॉफ्टवेअर-संचाचं जिऑइडइव्हॅल नावाचं साधन आहे, त्यात अक्षांश-रेखांश टाकले की आकडा मिळतो. ईजीएम 96 या जिऑइडच्या गणिती नमुन्याचा घ्या, कारण गूगल अर्थ तेच वापरतं. एलिप्सॉइडच्या उंचीतून हा आकडा वजा करायचा. आपल्याकडे तो ऋण असल्याने प्रत्यक्षात बेरीज होते. इथे चिन्ह चुकलं की मॉडेल 65 ऐवजी 130 मीटर खाली जातं, आणि हे मी एकदा केलेलं आहे. आलेली उंची मॉडेलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'ऑल्टिट्यूड' टॅब इथे भरा.

माउसने अंदाजे वर ओढू नका. मी गढी तशीच ओढून बसवली, छान बसली. आठवड्याने शेजारच्या बारवेचं मॉडेल आलं, तेही डोळ्यांनीच बसवलं. नंतर गढीच्या दारातून बारवेकडे बघितलं तर बारवेचा काठ उंबऱ्याच्या दीड पुरुष वर! प्रत्यक्षात तिथे चार पायऱ्या उतरून जावं लागतं. आधी हिशेबाने बसवा. गूगलची जमीनच थोडी खाली-वर असते, तेवढे दोन-तीन मीटर मग हाताने सरकवा, पण सगळी मॉडेलं एकत्र.

'सगळं क्लॅम्प्ड टू ग्राउंड (जमिनीला चिकटवलेलं) करून टाका' हा सल्ला सपाट प्लॉटवरच्या बंगल्याला ठीक आहे. उतारावर मॉडेलचा फक्त मूळबिंदू, म्हणजे जिथून त्याची सगळी मापं मोजली जातात तो बिंदू, जमिनीला टेकतो. एक कोपरा मातीत, दुसरा अधांतरी. आणि टूल्स, ऑप्शन्समध्ये 'एलिव्हेशन एक्झॅजरेशन' (जमिनीची उंची किती पट दाखवायची) 1 च आहे ना बघा. कुणीतरी डोंगर भारदस्त दिसावेत म्हणून 2 करून ठेवतं, आणि दुप्पट उंच झालेल्या डोंगराच्या पोटात तुमचं बरोबर बसवलेलं मॉडेल गडप होतं.

टेरेन काढूनही दिसत नसेल तर

मॉडेलचा मूळबिंदू तपासा. फोटोंवरून मॉडेल बनवणारी सॉफ्टवेअरं कधीकधी प्रत्येक बिंदूला यूटीएमचे (मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या नकाशा-जाळीचे) अख्खे आकडे देतात. पुण्याजवळ ते पूर्वेला सुमारे 3,80,000 आणि उत्तरेला 20,48,000 मीटर. गूगल अर्थ तुम्ही दिलेल्या जागेपासून तेवढं अंतर मोजतं आणि इमारत दोन हजार किलोमीटर लांब फेकली जाते. शिवाय एवढ्या मोठ्या आकड्यांत साध्या फ्लोटची (संगणक दशांश आकडे साठवतो त्या पद्धतीची) अचूकता साडेबारा सेंटिमीटरवर येते, त्यामुळे भिंतींच्या कडा थरथरतात. एक्स्पोर्ट करतानाच मूळबिंदू जोत्याच्या कोपऱ्यात आणा.

इमारत मुंगीएवढी किंवा डोंगराएवढी दिसली तर एकक चुकलंय, बहुतेक इंच आणि मीटर. आडवी पडली असेल तर झेड-अप, वाय-अप (कुठला अक्ष वरची दिशा धरलाय) बघा.

मॉडेलचा पृष्ठभाग ज्यांनी बनतो ते त्रिकोण मोजा. केएमएलच्या (गूगल अर्थच्या फाइल-भाषेच्या) नियमांत कोलाडा मॉडेलला 21,845 त्रिकोणांची मर्यादा दिलेली आहे. ड्रोनचं मॉडेल लाखांत असतं, तेव्हा कमी करा किंवा तुकडे पाडा. गवताचं पातं न् पातं ठेवायचा हट्ट मी सोडला.

मॉडेल आलं पण पांढरंफटक आहे, तर टेक्स्चर (मॉडेलवर चढवायची चित्रं) सापडत नाहीये. केएमझेड म्हणजे झिपच. फाइलचं एक्स्टेन्शन बदलून झिप करा आणि उघडा. चित्रं आत आहेत का, आणि डीएई (म्हणजे कोलाडा मॉडेलच्या) फाइलमध्ये लिहिलेला पत्ता त्यांच्याशी जुळतो का, ते बघा. डीएई फाइल नोटपॅडमध्ये उघडून 'जेपीजी' शोधा. तिथे सी ड्राइव्हपासून सुरू होणारा, तुमच्या डेस्कटॉपचा पत्ता दिसला तर चोर सापडला: तुमच्या संगणकावर सगळं रंगीत दिसेल, गिऱ्हाइकाकडे पांढरं. माझ्या एका गिऱ्हाइकाला वाटलं, मी मुद्दामच चुन्याची सफेदी दाखवलीय.