चार्जर लावला की लॅपटॉप रखडतो? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

जुना लॅपटॉप बॅटरीवर बरा चालतो आणि चार्जर लावला की रांगायला लागतो, अशी तक्रार असेल तर विंडोज नव्याने टाकून किंवा रॅम वाढवून सहसा काही साधत नाही. दोष बहुतेक वेळा वीजपुरवठ्यात नाहीतर उष्णतेत असतो.

आधी आकडा बघा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा. एखादं मोठं फोल्डर झिप करायला लावा, म्हणजे प्रोसेसरला खरं काम मिळेल. मग चार्जर काढून आणि लावून ‘स्पीड’ बघा. चार्जर लावताक्षणी वेग ०.४ ते ०.८ गिगाहर्ट्झवर येऊन तिथेच अडकला, तर लगाम प्रोसेसरच्या बाहेरून, लॅपटॉपच्या दुसऱ्या एखाद्या भागाने ओढलेला आहे. दहा-पंधरा मिनिटांनी हळूहळू उतरला, तर उष्णता. आणि झिपचं काम संपल्यावरही सीपीयूचा वापर ९०-१०० टक्के राहिला, पण वेग चांगला असेल, तर सॉफ्टवेअर: विंडोजची देखभालीची बरीच कामं चार्जर लागण्याचीच वाट बघत असतात. एक रात्र लॅपटॉप चार्जरवर चालू ठेवा, कामं उरकू द्या.

लगामाचं पहिलं संशयित ठिकाण म्हणजे ॲडॉप्टर. डेल आणि एचपीच्या गोल पिनेच्या ॲडॉप्टरमध्ये मधोमध एक बारीक सुई असते. वीज तिच्यातून येत नाही. ॲडॉप्टर किती वॉटचा आहे, ही ओळख लॅपटॉपला तिच्यावरून मिळते. सुई वाकली, पिनेजवळ वायर आतून तुटली किंवा ॲडॉप्टर नकली असला की ओळख पटत नाही. मग लॅपटॉप धोका न पत्करता वेग पाडतो आणि बऱ्याचदा बॅटरी चार्ज करणंही थांबवतो. मल्टिमीटरवर १९.५ व्होल्ट अगदी बरोबर दिसतात आणि माणूस फसतो तो इथेच. डेलवर सुरू होताना एफ-२ दाबून बायॉसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या पडद्यावर) ॲडॉप्टरची नोंद बघा: ‘६५ वॉट’ऐवजी ‘अननोन’ दिसलं तर त्याच मॉडेलचा दुसरा अस्सल ॲडॉप्टर लावून बघा. तरीही तेच, तर लॅपटॉपकडचा चार्जिंग जॅक बदलावा लागेल. बऱ्याच मॉडेलांत तो वायरसकट सुटा येतो, सोल्डरिंग लागत नाही.

वॉट मोजायला ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर गुणा: १९.५ × ३.३४ म्हणजे ६५, १९.५ × ४.६२ म्हणजे ९०. मूळ ९० चा असेल तर ६५ चालवू नका, उलट चालतं. टाइप-सी असेल तर केबलही बघा. साधी केबल ३ अँपिअरपर्यंतच, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट. त्यापुढे ५ अँपिअरची केबल हवी.

थ्रॉटलस्टॉप या प्रोसेसरच्या वेगाचे लगाम बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘बीडी प्रॉकहॉट’ची (म्हणजे बाहेरून आलेला ‘वेग पाड’ हा इशारा पाळण्याची) खूण काढा, हा सल्ला सर्रास मिळतो. निदानासाठी दोन मिनिटं ठीक. कायमचा उपाय म्हणून नको, कारण ॲडॉप्टर खरंच अपुरा असेल तर त्यावरचा भार वाढतो.

उष्णतेचं कारण सोपं: चार्जिंगची वेगळी उष्णता प्रोसेसरच्या उष्णतेत मिसळते. एचडब्ल्यू-इन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तापमान ९५ अंशांच्या वर जात असेल तर लॅपटॉप उघडा. बंद करून चार्जर काढा, मागचं झाकण उघडताच सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. पंखा आणि तांब्याच्या पात्यांची जाळी यांच्यामध्ये धुळीचा गालिचा साचलेला असतो. बाहेरून हवा मारली तर तो आणखी आत दाबला जातो. पंखा सोडवून हा गालिचा चिमट्याने उचला. ब्लोअर वापरत असाल तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. हीटसिंकचे (प्रोसेसरवर बसवलेल्या, उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या भागाचे) स्क्रू त्यावरच्या आकड्यांच्या उलट क्रमाने सोडवा, प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी वाटाण्यापेक्षा कमीच लावा.

पॉवर ऑप्शन्समध्ये ‘प्लग्ड इन’साठी ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० आहे ना, एवढं बघून घ्या. ९९ असलं तरी इंटेलवर टर्बो, म्हणजे गरजेला मिळणारा जादा वेग, बंद होतो.

बॅटरी निकामी होत आली असेल तरी वेग पडतो, कारण झटक्यात लागणारी जादा वीज काही लॅपटॉप चार्जर लावलेला असतानाही बॅटरीतून घेतात. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा झाकण नीट बसत नसेल तर बॅटरी फुगली आहे. लगेच चार्जिंग बंद करा, टोचू-दाबू नका, कचऱ्यात न टाकता ई-कचरा केंद्रात द्या.

चार्जर लावल्यावर कर्सर उड्या मारत असेल, तर ते लॅपटॉप मंदावणं नव्हे, त्याचं कारण बहुतेकदा अर्थिंग. जुन्या घरांत अर्थिंग नसतं, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये खुपसलेला असतो. अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये लावून बघा.