मार्चअखेरचा चेक आणि छोट्या प्रशिक्षण संस्थेचं पैशांचं गणित

तालुक्याच्या गावात दोन खोल्या घेऊन टॅली, वायरमन किंवा रुग्णसहाय्यकाचे वर्ग चालवायचे आणि मुलांना नोकरीला लावायचं, असं ज्यांनी नुकतंच सुरू केलं आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. ट्रस्टची नोंदणी, 12ए (संस्थेला आयकरात सवलत), 80जी (देणगीदाराला करात वजावट) हे झालं आहे असं धरलं आहे. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे, फॉर्मचे क्रमांक बदलले. इथे सगळ्यांच्या तोंडी बसलेले जुनेच क्रमांक आहेत, भरताना ते सीएकडून ताडून घ्या.

आधी एका मुलामागचा खरा खर्च काढा. उदाहरणादाखल 30 मुलांची तीन महिन्यांची बॅच घेऊ. प्रशिक्षक 66,000, समन्वयक 54,000, भाडं 36,000, वीज आणि इंटरनेट 12,000, साहित्य 24,000, हिशेब-ऑडिटचा वाटा 24,000. झाले 2,16,000. बहुतेक प्रस्ताव इथेच थांबतात आणि इथेच फसतात. मुलगा नोकरीला लागल्यावर सहा महिने त्याला फोन करणं, घरच्यांना भेटणं, पगाराच्या स्लिपा गोळा करणं यात समन्वयकाचा अर्धा वेळ जातो, म्हणजे आणखी 54,000. एकूण 2,70,000. तीस जणांवर भागलं तर माणशी 9,000. पण 24 जणांनी कोर्स पुरा केला आणि 18 जण नोकरीला लागले, तर एका नोकरीमागे 15,000. देणगीदाराला दोन्ही आकडे सांगा. खर्च कमी दाखवून मिळवलेला प्रकल्प शेवटी समन्वयकाच्या पगारातून वसूल होतो, आणि तो माणूस सोडून गेला की संस्थाच बसते.

आता मुख्य धोका. यावर जरा जास्त लिहीत आहे, कारण प्रामाणिक संस्था यातच अडकतात.

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांना कायद्याने सामाजिक कामावर खर्चावा लागणारा पैसा बऱ्याचदा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येतो, कारण कंपनीला 31 मार्चपूर्वी तो खर्ची दाखवायचा असतो. चेक जमा झाला की आपल्याला हायसं वाटतं. पण ज्या वर्षात रक्कम आली त्या वर्षाचं ते तुमचं उत्पन्न, आणि उत्पन्नाच्या 85 टक्के रक्कम त्याच वर्षात उद्दिष्टांवर खर्च व्हायला हवी. समजा वर्षभरात 8 लाख आले आणि 27 मार्चला 12 लाख. एकूण 20 लाख. वर्षाचा खर्च 9 लाख. कायदा 15 टक्के, म्हणजे 3 लाख, बिनशर्त शिल्लक ठेवू देतो. उरले 8 लाख. यांचं काहीच केलं नाही तर ते करपात्र ठरतात, आणि बॅच तर अजून सुरूही झालेली नसते. नुसती बिलं घेऊन ठेवूनही भागत नाही. पैसे प्रत्यक्ष दिले गेले तरच खर्च धरला जातो, आणि एका माणसाला एका दिवसात 10,000 च्या वर रोख दिलेत तर तोही धरत नाहीत.

घाबरू नका, वाट आहे. उरलेली रक्कम नंतर खर्च करू असं आयकर खात्याला फॉर्म भरून कळवायचं. पुढच्याच वर्षात खर्च होणार असेल तर फॉर्म 9ए. जास्त काळ लागणार असेल तर फॉर्म 10, यात पाच वर्षांपर्यंत मुभा असते. फॉर्म 10 मध्ये हेतू नेमका लिहा: ‘रुग्णसहाय्यक प्रशिक्षणाच्या चार बॅच’. ‘संस्थेच्या उद्दिष्टांसाठी’ एवढंच लिहिलं की वाद ओढवून घेतलात. विश्वस्तांच्या सभेत ठराव करून तो इतिवृत्तात लिहा. विवरणपत्राची मुदत 31 ऑक्टोबर असेल तर हे फॉर्म 31 ऑगस्टपर्यंत भरून टाका. आणि हे विसरू नका की 9ए मध्ये दाखवलेले 8 लाख पुढच्या वर्षी खर्च केलेत तरी ते मागच्याच वर्षाच्या खात्यात जातात. पुढच्या वर्षाचे 85 टक्के वेगळे भरावे लागतात. वहीत पहिल्या दिवसापासून दोन रकाने ठेवा, मागच्या वर्षाच्या पैशाचा खर्च एकात, चालू वर्षाचा दुसऱ्यात.

ती रक्कम तोवर शेड्यूल्ड (रिझर्व्ह बँकेच्या यादीतल्या) बँकेत ठेवा. गावच्या पतसंस्थेत व्याज जास्त मिळतं, चेअरमन ओळखीचे असतात, तरीही तिथे ठेवू नका. कायद्यात सांगितलेल्या गुंतवणुकीबाहेर पैसा गेला की सवलत धोक्यात येते.

एक आडवाट हमखास सुचवली जाते: ‘कंपनीकडून कॉर्पसचं, म्हणजे देणगी कायम निधीसाठी असल्याचं पत्र घ्या, प्रश्न मिटला.’ अजिबात करू नका. जानेवारी 2021 च्या नियमांनंतर कॉर्पसला दिलेली रक्कम सीएसआरमध्ये धरली जात नाही, आणि कॉर्पसमधून केलेला खर्च तुमच्या 85 टक्क्यांतही धरत नाहीत. त्यापेक्षा जानेवारीतच कंपनीशी बोला. संचालक मंडळाने प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ (एका वर्षाहून जास्त चालणारा) म्हणून मंजूर केला, तर उरलेली रक्कम 30 एप्रिलपर्यंत त्यांच्या अखर्चित सीएसआर खात्यात जाते आणि तुम्हाला नव्या वर्षात हप्त्याहप्त्याने मिळू शकते. कंपन्यांना हे माहीत असतं, फक्त कुणीतरी विचारावं लागतं.

‘प्रशासकीय खर्च 5 टक्केच’ हेही ऐकवलं जाईल. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनावर आहे, तुमच्या संस्थेच्या खर्चावर नाही. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट 2021 च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलं आहे. नम्रपणे, पण परिपत्रक पुढे ठेवून बोला.

सरकारी योजनांची अडचण उलटी: पैसा उशिरा येतो. केंद्राच्या कौशल्य योजनांसाठीच्या 2015 च्या समान निकषांत हप्ते 30, 50 आणि 20 टक्के असे होते. शेवटचे 20 टक्के नोकरी लागण्याशी बांधलेले: 70 टक्के मुलं लागली तर पूर्ण, 50 च्या खाली काहीच नाही. निकष बदलत गेले, तरी आधी आपण खर्च करायचा आणि मग वाट पाहायची हे तसंच राहिलं. किमान चार महिन्यांचे पगार गाठीशी नसतील तर पहिल्या वर्षी या वाटेला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. कारण मग विश्वस्तांकडून हातउसने घेतले जातात, आणि महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाला धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय कर्ज घेता येत नाही (महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, कलम 36ए). घरचे दोन लाख घातले, यात कुणाचाच वाईट हेतू नसतो, पण ऑडिटमध्ये शेरा येतो.

वैयक्तिक देणग्यांसाठी 80जी वर फार विसंबू नका. 2023-24 पासून नवी करप्रणाली मूळ पर्याय झाली आणि तिच्यात ही वजावट नाही. तरी पावती, देणगीदाराचा पॅन आणि 31 मेपर्यंत 10बीडी (देणग्यांचं विवरण) हे चुकवू नका, उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये शुल्क आहे. परदेशातल्या गाववाल्याने पैसे पाठवले तर आधी पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिकाची स्वतःची बचत बँकेमार्फत आली तर चालते, पण नागरिकत्व बदललेलं असेल तर एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालील) नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही घ्यायचा नाही.

‘प्रकल्प मिळवून देतो, 10 टक्के द्या’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. मार्गदर्शक हवा असेल तर निवृत्त बँक मॅनेजर शोधा. दर महिन्याच्या पाच तारखेला तुमच्या शेजारी बसून बँक पासबुक आणि कॅशबुक जुळवून देणारा खजिनदार मिळाला, की पुढच्या मार्चचं निम्मं काम डिसेंबरातच झालेलं असतं.